शरणम्माच्या रक्ताची हजेरी

३ नोव्हेंबर, सोमवार

दुसरी केमो घेणार नाही म्हणते! पहिलीनं आठवडाभर झोपवलं. "पुरे आता ओ. छातीतली गाठ हाय तशी राहू दे." शरणम्माचं 'नाही' मला उभ्या संसारात परतवता आलं नाही — आता काय येणार?

जेवते मात्र नीट. स्वयंपाक हल्ली माझ्याकडे. तिसरीच्या वर्गाला शिकवायचो त्या कवितेचं एक कडवं होईपर्यंत भाकरी उलटायची, असा माझा हिशेब. कधी पुढचं कडवंही आठवतं — मग भाकरी जरा काळी. ती ताट घेऊन मागच्या दारी उन्हात बसते. रिकामं करून आणते. "लई झ्याक झालतं की!"

५ नोव्हेंबर

डॉ. महेश्वरींनी एक वाट दाखवली. नातीच्या वयाच्या आहेत. त्यांचा अभ्यास चालू आहे — रक्तातले शेकडो बारीक पदार्थ यंत्रात तपासायचे आणि कोणाच्या अंगाला कोणतं औषध किती सोसेल, याचा अंदाज बांधायचा. नाव मेटाबोलोमिक्स. रिक्षात म्हणून पाहिलं, कुठल्याच चालीत बसेना!

"सात रस्ता चौक येईस्तोवर तरी गप बसता का?" — शरणम्मा. पण रक्त दिलं. "केमोचं मग बघू."

यंत्र म्हणजे शाळेतली हजेरीच की. रक्तातल्या एकेकाला नावानं हाक!

६ नोव्हेंबर

शेजारच्या रंभाबाईची शेळी आमच्या मागच्या दारीच मुक्कामाला असते. चांगली भरलीय अंगानं.

१४ नोव्हेंबर

निकाल आला. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुम्ही जेवत नाही."

मी हसलो. अहो, ताट चाटूनपुसून येतं!

"आजोबा, रक्त सांगतंय. अंग स्वतःचीच चरबी जाळत चाललंय. अशा अंगाला औषध जड जाणारच."

शरणम्मा पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच — "शेळीला घालत होते."

!

"तोंडात सगळं मातीवानी लागतंय ओ. साखरसुद्धा. तुमी कविता म्हणत भाकरी थापता... सांगू कसं?"

रडू आलं. मध्येच हसूही. म्हणजे शेळीला माझी भाकरी आवडते!

त्यांनी केमो देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून औषध बदललं. आता दर आठवड्याला, थोडं थोडं. आधी अंगात अन्न जाऊ द्या म्हणाल्या. "हा अजून अभ्यास आहे, आजोबा. वचन देत नाही मी."

शरणम्मानं अट घातली — एकदा घेऊन बघणार. पहिल्यासारखं झालं तर बंद. कायमचं.

१५ नोव्हेंबर

पेज. ताक. वाटीभर, माझ्यासमोर बसून. डोळे मिटून गिळते. मी मागचं दार लावून घेतलं. बाहेर शेळी माझ्या नावानं ओरडते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवं औषध चढलं. एकदा ओकली. मग झोपली — शांत. मी उशाशी बसून पाठ होत्या तेवढ्या कविता मनातल्या मनात म्हटल्या. पुढच्या बुधवारचं विचारायचं धाडस झालं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आमटीचा पहिलाच घोट घेतला आणि वाटी आपटली! "मीठ मुठीनं घातलंत का ओ? निस्ती खारट! सरका तिकडं, मी करते. बुधवारी केमोला जायचंय, धड जेवू तरी द्या!"