‘लुप्त’ झालेला अर्थ

ता. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझ्या डोळ्यांचं वाचून जीव टांगणीला लागला. तुझ्या इंग्रजी-मराठी कोशाची छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रितं वाचून दाखवायला ये म्हणतोस, पण शाळांचे गणवेश शिवायचं काम ऐन भरात आहे. मशीनवरून उठायला फुरसत नाही. तरी लवकरच येते. माझ्या इंग्रजीला हसायचास ना, आता तेच गोड मानून घ्यावं लागेल.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिमणी

ता. ९ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र भिंगाने वाचलं. माझ्या ओळी तिरप्या गेल्या असतील, मुकाट्याने सरळ करून घे.
मुद्रितांत ‘ॲनन’ हा जुना इंग्रजी शब्द आहे. त्याचं मूळ ‘एकात’, म्हणजे एका दमात असं, म्हणून अर्थ होता ताबडतोब. पण लोक ‘ॲनन’ म्हणत आणि जागचे हलत नसत. होता होता अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा झाला. पहिल्या अर्थापुढे मी कंसात ‘लुप्त’ लिहिलं आहे. तुझं ‘लवकरच’ वाचून ही नोंद आठवली. हा टोमणाच आहे, दुसरं काही समजू नकोस.
खरं सांगू, मला भीती वाटते. उरलेली नजर किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. मुद्रितं वाचायला कुणीही मिळेल. तुझा चेहरा मात्र दिसतंय तोवर पाहायचा आहे.
लोभ आहेच, त्याला जरा प्रवास घडव.
तुझा,
दादा

ता. १४ जून

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. मामाचं पत्र वाचल्यावर कात्री कापडातच ठेवून मी निघाले, तो निळा शर्ट तेवढा पुरा कर.
तुझ्या मामाने मला दारातून थेट खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिलं आणि केवढी जाड झालीस म्हणाला. मला रडूच आलं. दिसलं गं त्याला!
आता मी वाचते, तो दुरुस्त्या सांगतो आणि माझ्या उच्चारांना पोट धरून हसतो. आज ‘ॲनन’ची नोंद आली. पहिला अर्थ ताबडतोब, कंसात लुप्त, असं मी वाचलं. मामाने माझ्या हातात पेन्सिल दिली. मग म्हणाला, लुप्त खोडून टाक, छापखान्याला काय वाटायचं ते वाटो.
मी खोडलं. गणवेशांचं तू बघ, मी एवढ्यात येत नाही.
आमच्या दोघांवर लोभ ठेव.
तुझी,
आई