फुलंब्रीहून येणारा डबा

छत्रपती संभाजीनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नमालाताई,

सप्रेम जय भीम. इकडं आम्ही ठीक, नाशकात तुम्हीही असाल. पत्र बघून घाबरू नको. फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस, म्हणून लिहायला बसलो.

मी होस्टेलला असताना माय फुलंब्रीहून कडुबाच्या जीपमध्ये डबा द्यायची, आठवतं ना? पहाटे भाकरी थापून मग खुरपायला जायची. माझा पार्टनर उपाशी राहू नये म्हणून दोन भाकरी जास्तीच्या. परीक्षेच्या दिवशी तर वरच्या खणात पिठलं आणि खालच्यात धुतलेले मोजे निघाले. सगळी रूम हसली, मला लई राग आला. पिठलं सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं, मोजे मी घातले.

आता तू रागावणार. मायचं विसरणं वाढलं तेव्हा तू म्हणालीस, गॅस काढून टाक, शेजारच्या आशाबाई दोन वेळचं देतील. मी म्हणालो, काढला.

ताई, नाही काढला. दोन महिने तिचा डबा पुन्हा सुरू होता. तिला वाटतं, मी अजून होस्टेललाच आहे. म्हातारा झालेला कडुबाच आणायचा, मी ऑफिसातून निघून स्टँडवर घ्यायला जायचो. चाळिशी उलटलेला माणूस मी, पण झाकण उघडलं की बरं वाटायचं. एवढ्यासाठी तुझ्याशी खोटं बोललो.

मागच्या सोमवारी डब्यात ज्वारीचं कोरडं पीठ आलं. वर नीट चिरलेला कांदा. तसाच फुलंब्रीला पळालो. दार उघडलं तर गॅसचा वास, बटण चालू, शेगडी पेटवलेलीच नाही. माय ओट्यापाशी बसलेली. म्हणाली, जीप चुकेल म्हणून घाई झाली. माझ्या हौसेपायी ती गेली असती, ताई.

सिलिंडर तिच्यासमोरच उचललं. ती आडवी आली नाही. पदराला हात पुसत एवढंच म्हणाली, "मग तू काय खाशील रे?"

मी तिथंच बसून रडलो, आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता आशाबाई देतात ते जेवते. पण रोज सकाळी रस्त्यावर जाऊन कडुबाला विचारते, पोरगा जेवला का. तो व्हय म्हणतो, तेव्हा घरी परतते.

रविवारी तिला माझ्याकडं आणायचं म्हणतो. तू ये. माझ्यासमोर ती स्वयंपाक करायला हटून बसली तर माझ्यानं पुन्हा "नाही" म्हणवणार नाही.

तुझा खोटं बोललेला भाऊ,
राजकुमार