कमांची सासूचा हंबरडा

नानिबाअक्कास, धाकट्या ग्लेनिबाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी दाढ तशीच आहे. शाळेत आपली भाषा बोलले म्हणून दोन वर्षं साबण चाटून जी अक्षरं शिकले त्यांतच लिहितेय, तेव्हा चुका मोजत बसू नकोस.

माझ्या लोरेनाला सहावा महिना लागलाय आणि तिचा नवरा तिला घेऊन कॅलिफोर्नियाला निघालाय, रेल्वेचे रूळ टाकायला. म्हणजे बाळंतपण परमुलखात, आईशिवाय. जावयाला चार शब्द सुनवावेत तर आपल्यात सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, डोळे जातात. थेट बोलायचंही नाही. सहा वर्षांत मी त्या हॅरिसनची नुसती पाठ बघितली आहे. (पाठ बरी आहे.) लोरेनाकडून निरोप धाडावा तर ती निम्मा गिळते.

अशात सिनेमावाले पुन्हा आपल्या लाल सुळक्यांपाशी आले. मागच्या खेपेला आपण नवाहो लोक अपाची जमात झालो होतो, यंदा कमांची. कमांची राहतात कुठे हे त्यांनाही ठाऊक नाही. टोकदार तंबू ठोकले, दारं सगळी उत्तरेला, जिकडून आपण मढं बाहेर काढतो. डायरेक्टरने बायकांतून मला निवडलं. माझं तोंड म्हणे फार दुःखी आहे. (दाढ.) लढाईहून स्वार परततील तेव्हा मी सरदाराच्या तंबूपुढे हंबरडा फोडायचा. स्वार आले, सगळ्यांत पुढे हॅरिसन. मी शाल तोंडावर ओढून तंबूत घुसले, त्याने घोडा गर्रकन वळवला आणि मागचे पंचवीस कमांची त्याच्या पाठोपाठ पळाले. तीनदा हेच.

"अहो, ती सासू आहे त्याची," आपला दुभाषा एडिसन डायरेक्टरला म्हणाला.

"सासू मलाही आहे. मी पळतो का?"

"मग दोन महिने इथं काय करताय?"

तेव्हा माझी जागा एका गोऱ्या पोरीला दिली. तिला दोन तास तपकिरी रंग फासला, तो उन्हात ओघळायला लागला. रडणं तर उचकी लागलेल्या शेळीचं. शेवटी मला खडकाकडे तोंड करून बसवलं आणि माईक पुढे धरला. तोंड तिचं, आवाज माझा. तुमच्या भाषेत काहीही बोल, कोणाला कळतंय, म्हणाले.

मग बोलले. खडकाशीच. म्हटलं, अरे खडका, पोरीला कळा सुटतील तेव्हा तिची कंबर कोण धरणार, इंजिन? त्या रूळवाल्या अडाण्याला नाळ बांधता येते का? अजून बरंच म्हटलं, ते लिहिण्याजोगं नाही. पंचवीस कमांची घोड्यांच्या आयाळीत तोंड खुपसून हसू दाबत गदगदत होते. डायरेक्टरला वाटलं, केवढा हा शोक. त्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी हॅरिसनची मरायची पाळी. मी खडकाआड. गोळी लागल्यावर तो आभाळाकडे बघून ओरडला, "राहायला मालगाडीचा जुना डबा आहे. मधोमध घोंगडी टांगेन." धूळ कमी उडाली म्हणून त्याला परत मारला. "अलीकडे मायलेकींनी निजावं, पलीकडे मी." तिसऱ्यांदा मेला तेव्हा आवाज उतरला होता. "लोरेना भ्यालीय. तिच्या आईला यायला सांगा."

काय म्हणतोय, असं डायरेक्टरने विचारलं. एडिसन म्हणाला, देवाला हाक मारतोय.

तुझी,
ग्लेनिबा

ता. क. खरं काम राहिलंच. मी त्यांच्याबरोबर जातेय. माझ्या एकतीस मेंढ्या हिवाळाभर तुझ्याकडे ठेवून घे. काळ्या तोंडाची चावते.

ता. क. दुसरा. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. हे पत्र एडिसनच्या हातीच धाडलंय. त्याच्या मागे उभ्या आहेत त्या माझ्याच.