क्रिएटिव्ह टाइम, संध्याकाळी सहा ते सात

१ मे
झेंडावंदनाला ऑफिसात गेलो. चहाच्या वेळी हरिओमनं मोबाईल काढला. त्याच्या पोरांनी घरी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर केलंय. खिडक्या उघडतात. सगळे वा वा करत होते. मीही केलं. हा माणूस ऑफिसात एक टिपण धड लिहीत नाही, आणि घरी खिडक्या उघडतो.
घरी येऊन जाहीर केलं. उद्यापासून रोज सहा ते सात क्रिएटिव्ह टाइम. समता (तिसरी पास) आणि धम्मरत्न (बालवाडी संपली) दोघांनी हजर राहायचं. टीव्ही बंद. मोबाईल बंद. माझा चालू, कारण फोटो काढावे लागतील.
बायको म्हणाली, "पोरं अंगणात खेळूनच राह्यले न. कायले डोकं लावता?" जयमालाला शिक्षणातलं कळत नाही. डोणगावच्या शाळेत ती शिक्षिका आहे, पण ती गोष्ट वेगळी.
संकल्प: मुलांवर रागवायचं नाही. रागानं कल्पनाशक्ती मरते, असं एका व्हिडिओत ऐकलं.

२ मे
पानांचे ठसे. पान रंगात बुडवून कागदावर उमटवायचं. साधं काम. धम्मरत्ननं पान सोडून हात बुडवला. मग हात भिंतीवर. भिंतीला दिवाळीत रंग दिलाय.
रागावलो नाही. फक्त मोठ्यानं समजावलं. समोरच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. मेहकरात लोकांना कामं नाहीत.
समतानं पिंपळाच्या पानाला डोळे काढले. पानाला डोळे नसतात, हे मला सांगावं लागलं. शेवटी तिचा कागद मीच पूर्ण केला. उत्तम झाला. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, 'समताची कलाकृती' लिहून. हरिओमनं अंगठा दिला. नुसता अंगठा.

४ मे, रविवार
मोज्यांच्या बाहुल्या. नाटकाचे संवाद मी स्वतः लिहिले. विषय पाणीटंचाई. समताची बाहुली मधेच म्हणाली, "मले भूक लागली." हे स्क्रिप्टमध्ये कुठंच नव्हतं. धम्मरत्न हसून हसून लोळला. मग तिची बाहुली त्याच्या बाहुलीचं नाक खायला लागली.
बाहुल्या जप्त केल्या. जयमाला म्हणते, हसत होते तर हसू द्यायचं. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो. यात हसण्यासारखं काय आहे, तिनं सांगावं.

७ मे
लोणार प्रयोग. उल्का पडून सरोवर कसं झालं, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांना तरी कळलं पाहिजे. परातीत पीठ घ्यायचं, वरून दगड टाकायचा. व्हिडिओत छोटा खडा होता. मला छोटी कामं आवडत नाहीत. वरवंटा घेऊन गच्चीवर गेलो. धम्मरत्न म्हणाला, "पप्पा, मी टाकू?" त्याला नेम जमला नसता. मीच टाकला.
परात चुकली. बाजूला नळाचा पाइप होता. आज नेमका नळ आला होता.
कारंजं उडालं. दोन्ही पोरं त्यात नाचली. जयमाला पदर तोंडाला लावून हसत होती. या घरात एक माणूस सिरियस नाही. घसा बसला माझा. संकल्प मोडला असं मात्र म्हणता येणार नाही. मी पाइपवर ओरडत होतो. पोरं मधे उभी होती.

१० मे
हजेरी घसरली. सहा वाजले की समताचं पोट दुखतं, सातला थांबतं. धम्मरत्न पलंगाखाली सापडला. पाय धरून ओढला. रडला. मी म्हटलं, रडायला काय झालं, मजा करायचीय.
मातीचा किल्ला एकट्यानं केला. बुरूज फार सुंदर झाले. पाहायला कोणी नव्हतं. उद्या दाखवीन सगळ्यांना, ओळीनं उभं करून.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सगळे विहारात. वंदना झाली, खीर झाली. भंतेजी क्रोधावर बोलले. जयमाला सारखी माझ्याकडे पाहत होती. मी पुढच्या रांगेतल्या माणसाकडे पाहिलं. त्याला गरज दिसत होती.
घरी येऊन ती बॅग भरायला लागली. पोरांना घेऊन उद्या उंद्रीला, माहेरी. मी विचारलं, काऊन? म्हणाली, "समता मले विचारून राह्यली, शाळा कधी सुरू होते म्हणून. मे महिन्यात. इतकी वर्षं शिकवून राह्यली मी, असं लेकरू पाह्यलं नाही."
मी म्हटलं, चांगलंच आहे, अभ्यासाची गोडी लागली.
तिनं बॅगेची चेन ओढली.

१५ मे
घरात शांतता. चला, वाचन होईल. झालं नाही. सहा वाजता उंद्रीला फोन लावला. धम्मरत्न बोलला, आंबे खाल्ले म्हणे. समताला बोलव म्हटलं. तिकडून तिचा आवाज आला, "सांग, मी खेळून राह्यली." आली नाही.
राग कोणावर काढावा कळेना. कूलरला लाथ मारली. आता कूलरही बंद.

१८ मे, रविवार, दुपार. उंद्री.
मोटारसायकलनं चिखलीवरून आलो. ऊन भयंकर. सासूबाई ओसरीत बसल्या होत्या. पाणी दिलं. म्हणाल्या, "समतानं नवा खेळ काढला, जावईबापू. गल्लीतले पोरं जेवायले घरी जाऊन नाही राह्यले."
ऊर भरून आला. जयमालाला काय कळतंय. मेहनत माझी.
मागच्या दारातून पाहिलं. कडुनिंबाखाली पोरं माती घेऊन बसलेली, समता मधे फिरत होती, हात मागे बांधून. लीडरशिप. काहीतरी सांगत होती, ते ऐकत बसलो नाही. त्यांना न दिसता व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला: 'माझ्या मुलीने स्वतः तयार केलेला खेळ. घरच्या वातावरणाचा परिणाम.'

तोच दिवस, संध्याकाळ
हरिओमचा मेसेज आला: 'प्रसेनजित भाऊ, आवाज लावून पहा.'
लावला. समता ओरडत होती. "हे काय केलं? बैलाचे पाय असे असतात का? आण इकडं. हसायचं नाही. मजा करायची. कोण हसला?" आवाज तिचा. बाकी सगळं माझं.
व्हिडिओ डिलीट केला. सगळ्यांनी पाहून झाला होता.
समताला बोलावलं. खेळाचं नाव काय? खाली पाहत म्हणाली, "पप्पा-पप्पा." नियम धम्मरत्ननं सांगितले, फार उत्साहानं. एक जण पप्पा. बाकीच्यांनी मातीचं काहीतरी करायचं. पप्पा येतो, ओरडतो, हातातलं घेतो. ज्याचं घेतलं तो आउट. हसला किंवा बोलला तोही आउट. ज्याची वस्तू शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहिली, तो जिंकला.
आतापर्यंत कोण जिंकलं, विचारलं. "कोणीच नाही," म्हणे.
मी तोंड उघडलं. गल्लीतली सगळी पोरं एकदम गप्प, माझ्याकडे पाहत. खेळात बसतात तशीच. तोंड मिटलं.
जयमाला पोरांना हात धुवायला घेऊन गेली. थांबली असती तर भांडता आलं असतं.

१९ मे
रजा टाकली. सकाळी कडुनिंबाखाली गेलो. म्हटलं, मलाही घ्या. समतानं बराच विचार केला. म्हणाली, "पप्पा मीच राहीन. तुमी पोरायत बसा."
बसलो. गुडघे दुखतात मांडी घालताना. हरीण करायला घेतलं. मान वळलेली, मागे पाहणारं. लहानपणानंतर असं काही केलं नव्हतं. खरंच जमत होतं. शिंगं लावत होतो, तोच समता आली. "हरणाची मान अशी असते का?" माझ्या हातातून घेतलं, मान सरळ केली, खाली ठेवलं.
मला इतका राग आला. मी म्हटलं, ते माझं होतं.
"बोलले. आउट."
पायरीवर जाऊन बसलो. धम्मरत्न आधीच आउट होऊन तिथं बसलेला होता. थोडा सरकला, जागा दिली. म्हणाला, "पप्पा, पहिल्या दिवशी मले पण लई राग आला होता."
डाव बराच वेळ चालला.