उभ्याने केलेला नमस्कार

ती. आईस,

या खेपेला नमस्कार उभ्यानेच. वाकले की अख्खं चंदीगड माझ्याभोवती फिरतं.

कानवाल्या डॉक्टरांनी मेंदूवाल्यांकडे धाडलं, त्यांनी मानवाल्यांकडे. ते म्हणाले, "टेन्शन मत लो जी." या सल्ल्याची फी सर्वांत जास्त! शेवटी सेक्टर बावीसमध्ये फक्त चक्कर बघणाऱ्या डॉक्टरबाई सापडल्या. अर्धशिशी निघाली, तीही डोकं न दुखणारी. औषध लागू पडतंय.

खर्चाची काळजी नको. तू दिलेल्या पाटल्या बँकेत तारण आहेत, म्हणजे घरापेक्षा सुरक्षित.

तुझे गुडघे कसे आहेत? दिवाळीत येऊन वाकूनच नमस्कार करणार. उठताना मी तुला धरेन, तू भिंतीला धर.

तुझी,
वीणा