वळशाची वाक्यं

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे ते विचारत नाही, कारण तू 'आहे जागेवर' एवढंच लिहिणार. कामाचंच लिहिते. कोशाच्या कचेरीत मला या महिन्यात एक इंग्रजी शब्द दिलाय, 'सर्कमव्हेंट'. समोर काही आडवं आलं की त्याच्या कडेने फिरून पुढे जायचं, असा अर्थ. मराठीत वळसा घालणं, बगल देणं, चुकवणं, टाळणं असं बरंच सुचतं. पण आमच्या संपादकबाई मोठ्या खट आहेत. त्यांचा नियम असा की कोशातलं वाक्य बसून रचलेलं चालत नाही, खऱ्या माणसाने खऱ्या कारणासाठी बोललेलं किंवा लिहिलेलंच लागतं. मी रचलेलं एक त्यांनी नुसत्या वासाने ओळखलं आणि चिठ्ठी परत पाठवली.

मग तू आठवलीस. तीस वर्षं पायी टपाल वाटलंस, तुझ्याइतके वळसे कोणी घातले असणार? कुठे कोणता शब्द तोंडी येतो ते कळव.

आणखी एक. बाबांचा हात आता फार थरथरतो, सुईत दोरा जात नाही. मार्चअखेर ते बाइंडिंगचं दुकान बंद करून कायमचे दादाकडे राहायला जाताहेत. अकरा वर्षं तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही, मी कधी मध्ये पडले नाही. पण तुझ्यापासून पाच गल्ल्यांवरून ते तुला न भेटता निघून गेले, तर मला फार वाईट वाटेल.

लोभ आहे हे ठाऊक आहे. उत्तर लवकर आलं तर तो दिसेलही.

तुझी खारूताई

दि. १२ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे जागेवर. तुझ्या बाईंना सांग, वळसा घालतात तो जे हलत नाही त्याला. खड्डा, भिंत, झोपलेला कुत्रा. कुत्रा उठला की हुलकावणी द्यावी लागते. बगल देतात प्रश्नाला, लहानपणी पाढे विचारले की तू द्यायचीस तशी. चुकवतात ती नजर, नाहीतर माणूस. आणि टाळायचं काम घरी बसून होतं, त्याला पाय लागत नाहीत.

आता खरी वाक्यं हवीत तर ही घे. 'भाजी आणायला मी शाळेमागून जाते, जरा वळसा पडतो.' 'दवाखान्यात जाताना घड्याळाचा चौक चुकवते.' 'वाचनालयाचं पुढचं दार जवळ आहे, तरी फिरून मागच्या दाराने शिरते.' सगळी या आठवड्यातली आहेत. पुरतील ना?

डोळ्यांची आबाळ करू नकोस, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या

दि. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाई वाक्यांवर खूश झाल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, की या तिन्ही वाक्यांत मध्ये काय आहे? आमच्या चिठ्ठीवर 'कशाला वळसा' असा एक रकाना असतो, तो मोकळा सोडता येत नाही. मी कागदावर तुमच्या गल्ल्या काढल्या. शाळा, चौक, वाचनालय. मधोमध बाबांचं दुकान निघालं. मी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

तोच प्रश्न मी बाबांनाही पाठवला होता, अगदी साळसूदपणे. त्यांनी लिहिलं, की टपाल कचेरीत जाताना पाण्याच्या टाकीवरून वळसा घेतो, तुझ्या आत्याच्या खिडकीसमोरून गेलो तर तिला त्रास होतो. म्हणजे अकरा वर्षं तुम्ही दोघंही गोल फिरताय. आत्या, झालं तरी काय होतं? मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. रागाव, पण सांग.

रागाच्या खालोखाल थोडी जागा माझ्यासाठी राहू दे.

खारूताई

दि. २ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

भोचक आहेस. पण विचारलंस तर ऐक.

तुझी आजी शिवणकाम करायची. तिची मापांची एक वही होती. मधे आकडे, आणि कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात त्या माणसाबद्दल काहीबाही. कोणाचा डावा खांदा उतरलाय, कोणाला घट्ट गळा सोसत नाही, कोणी हल्ली हसत नाही. ती गेल्यावर वही माझ्याकडे आली. पानं सुटायला लागली म्हणून मी विश्वासाने तुझ्या बापाकडे दिली. त्याने झकास बांधून दिली, कापडी पाठ, वर माझं नाव. आणि कडा चुरगळल्या होत्या म्हणून मशीनवर तिन्ही बाजूंनी सरळ कापून टाकल्या. रोजची सवय, दुसरं काय. मापं राहिली, आई गेली.

त्या दिवशी त्याच्या दुकानाची पायरी उतरले ती परत चढले नाही. त्याने मुद्दाम केलं नाही हे मलाही कळतं. कळून काय करू? वही उघडली की अजून बोट त्या कापलेल्या कडेवरूनच फिरतं.

हे चिठ्ठीवर लिहू नकोस. माया कर.

आत्या

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठीवर लिहिलं नाही. बाईंना म्हटलं, रकाना मोकळाच राहील. त्यांनी पहिल्यांदाच नियम बाजूला ठेवला.

पण मला एक कळत नाही. बाबा कापलेल्या कडा कधीच लगेच फेकत नाहीत, रद्दीवाल्याला देण्याआधी एकेक तुकडा नीट तपासतात. मग त्या वहीच्या कडांचं काय झालं? मी त्यांना पत्रातून विचारलं, तर उत्तरात त्यांनी पानभर हवापाण्याचं लिहिलं. तुझ्या भाषेत, बगल दिली. हे आता तुलाच विचारावं लागेल. दादा अठ्ठावीस तारखेला गाडी घेऊन येतोय.

लोभाबद्दल काही मागत नाही, एवढं विचारून ये.

खारूताई

दि. २४ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

काल सरळ रस्त्याने गेले. सहा मिनिटं लागली. तो पुठ्ठ्यांचे गठ्ठे बांधत होता. मला बघून उठला, मग बसला, मग खुर्ची पुसायला लागला. मी उभ्याउभ्याच विचारलं, की कडा कुठे आहेत.

त्याने कपाटावरून एक चपटा डबा काढला. सगळ्या पट्ट्या होत्या, शिवायच्या दोऱ्याने बांधलेल्या. म्हणाला, की तू गेलीस त्याच संध्याकाळी रद्दीतून एकेक वेचली. जुळवायला बसलो, पण अर्धं अक्षर पट्टीवर, अर्धं पानावर, आणि पानं तुझ्याकडे. वही मागायला तोंड नव्हतं. अकरा वर्षं नुसता डबा पुसत होता गं. मला त्याचा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला.

घरी जाऊन वही घेऊन आले. त्याचा हात थरथरतो म्हणून खळ मी लावली, पान कसं धरायचं ते तो सांगत होता. पहिली पट्टी जुळली ती त्याच्याच शाळेच्या सदऱ्याच्या मापापाशी. आईने लिहिलं होतं, 'हा वाढतोय, शिलाईत दोन बोटं जास्त सोड.' तो रडला. मीही रडले, लपवत नाही.

अजून दोनशे तीस पट्ट्या आहेत. रोज एकच लावायची असं मी ठरवलंय, त्यानेही हरकत घेतली नाही. तुझ्या दादाला कळव, गाडी आणू नकोस म्हणावं. घाई केली की कागद फाटतो.

तुझ्या वाट्याची माया आहे तशीच आहे, काळजी नको.

आत्या