पाकळी तुला, खुर्ची मला

मधलावाडा,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुविधा,

सप्रेम नमस्कार लिहू की नको, या विचारातच माझा चहा निवला. तुझं घर समोर, मध्ये फक्त रस्ता, आणि मी पत्र लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस. दारात यावं, तर आमचे हे, गोकुळदास, दारापुढच्या बल्कांवात बसून पेपराआडून सगळा रस्ता बघत असतात. म्हणून हे पदेराच्या हाती पावांबरोबर धाडते. तुझ्या सुनेला मुलगी झाल्याचं कळलं. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?

काम तसं साधं आहे. देवस्थानच्या स्मरणिकेत आपल्या मोडलेल्या प्रभागावर लिहायला समितीने मला सांगितलंय. शेवटची नगरसेविका ना मी. तुझे सासरे सगुणबाब पहिल्यांदा कुठल्या साली निवडून आले, तेवढं कळव.

निवडून आले म्हणायचं आपलं. मतदान व्हायचं कुठे? उमेदवारी मागणारी घरं दोनच, तुमचं आणि आमचं. अर्ज भरण्याआधी गुरव दोन्ही घरांच्या नावाने देवाच्या मूर्तीला कौलाच्या पाकळ्या लावायचा. ज्या घराची पाकळी आधी पडेल, त्या घराचा अर्ज. दुसऱ्या घराने नारळ ठेवायचा आणि गुमान बसायचं. आधी सगुणबाब, मग माझे सासरे, मग पुन्हा तुमच्याकडे, मग गोकुळदास. बाजारातली माणसं आपल्याला हसायची, पण वाड्यात कधी भांडण झालं नाही. बायकांचं मत मात्र ना देवळात कोणी विचारलं, ना घरात.

मग प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि तुझ्या-माझ्या नावाच्या पाकळ्या लागल्या. तुझी पडली, सगळ्या वाड्यादेखत. दुसऱ्या दिवशी गोकुळदासांनी माझा अर्ज भरला. मी विचारलं तर म्हणाले, "देव बायलांच्या राजकारणात पडणा नाय." आपल्या प्रभागातली तीच पहिली मतमोजणी आणि तीच शेवटची. थोडक्या मतांनी मी आले. पाकळी तुला, खुर्ची मला. समिती म्हणते, तेवढी निवडणूक गाळा, 'सदैव बिनविरोध' असं लिहा. मला राग येतो गं. तुझं-माझं बोलणं ज्या निवडणुकीने तुटलं, ती झालीच नाही असं मी कसं लिहू?

बरं, खुर्ची तरी माझी होती का? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एकदा बैठकीत मी उभी राहिले आणि रस्त्याच्या टोकाच्या घरांना नळाचं पाणी का पोचत नाही, असं विचारलं. नगराध्यक्ष हसले. "वयनी, तुमी कित्याक त्रास घेतात? गोकुळदासांक धाडा." पुढच्या बैठकीला गोकुळदास गेले आणि पाण्याऐवजी कमानीचं काम मंजूर करून आले. त्याच आठवड्यात तू टोकाच्या बायकांना घेऊन रिकाम्या कळशांसकट आमच्या फाटकात आलीस. मी बोलायला लागले, तर तू म्हणालीस, "विनू, तुका कित्याक सांगू? सांगूचां तर तुज्या घोवाक." बाकीच्या हसल्या, तू हसली नाहीस. त्यामुळेच ते जास्त लागलं. खरंच होतं ते.

आता तर प्रभागच उरला नाही. पुनर्रचनेचा नकाशा लागला तेव्हा मी बघून आले. देवळाकडची घरं टेकडीच्या प्रभागात, आपली दोघींची आणि टोकाची बाजाराच्या. हरकती घेतल्या, कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही. बाजारवाल्यांना आपल्या नळाचं काय पडलंय?

हे सगळं लिहिलं खरं, पण सगुणबाबांचं साल मला ठाऊक आहे. त्यांचा हार घातलेला फोटो देवळाच्या सभागृहात सालासकट लावलाय. मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

बाजाराचा प्रभागही यंदा महिलांसाठी राखीव निघाला आणि गोकुळदासांनी माझा अर्ज पुन्हा तयार करून आणलाय. सगळं भरलंय, फक्त सही राहिली आहे. काल जेवताना म्हणाले, "तू फकत सय कर. फुडचां मी बघतंय." मी त्यांना भात वाढला. पाच वर्षं हेच चाललंय आणि आणखी पाच वर्षं हे मला सोसणार नाही.

तू उभी राहा, सुविधा. पाकळी पडली होती म्हणून नव्हे, आणि माझ्या मनाला बरं वाटावं म्हणूनही नव्हे. टोकाच्या घरांना पाणी हवंय, आणि तू बोलायला उठलीस तर "नवऱ्याला धाडा" म्हणायची कोणाची छाती नाही. अर्जाला याच प्रभागातला सूचक लागतो. ती सही मी करीन. घरात काय होईल ते मला माहीत आहे. वेळ पडली तर येईन, असं माहेरी इब्रामपूरला भावाला सांगून ठेवलंय.

उद्या सकाळपासून मी निवडणूक कचेरीत बाकावर बसून असेन. आलीस तर दोघी मिळून अर्ज देऊ. नाही आलीस तर तुझ्यावर रागावणार नाही. दुपारी घरी येईन आणि लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला 'नाही' म्हणेन. ते मात्र तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

तुझी सूचक,
विनोदिनी